दोन व्हॉल्यूम, अकरा मिनिटं

११ तारखेला दुपारी पावणेबाराला फोन आला. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळणारा मुलगा बोलत होता. "दादा, डेटाची डिस्क फॉरमॅट झालीय माझ्याकडून. पण रात्रीचा स्नॅपशॉट आहे, कंप्लीटेड दाखवतोय. तो चढवेपर्यंत जरा फोनवर राहाल का?" स्नॅपशॉट म्हणजे डिस्क एका क्षणी जशी होती तशी घेतलेली तिची प्रत, आणि 'कंप्लीटेड' म्हणजे ती पुरी झाल्याची खूण. आवाज घाबरलेला होता, तरी त्यात थोडा धीर होता, आणि तो धीर त्या 'कंप्लीटेड' शब्दावर उभा होता. तासाभरात तो शब्द कामाचा नाही हे आम्हाला कळलं. का नव्हता, ते इथे सविस्तर लिहितो आहे. अशीच रचना मी त्यानंतर आणखी तीन ठिकाणी पाहिली आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दूध संस्था त्यांचं सॉफ्टवेअर वापरतात. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक उत्पादकाचं दूध मोजलं जातं, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) नोंदवलं जातं, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाचा किराणा आणि पोराची फी त्या बिलावर ठरते.

मांडणी साधी होती. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई विभागात एक ईसीटू, म्हणजे भाड्याचा, सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि तीन ईबीएस व्हॉल्यूम, म्हणजे क्लाउडमधल्या डिस्क. एकावर ऑपरेटिंग सिस्टिम, दुसऱ्यावर डेटाबेसचा डेटा, तिसऱ्यावर पोस्टग्रेसचा डब्ल्यूएएल लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी लिहिली जाणारी नोंद. लॉग वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवला की लिहिण्याचा वेग सुधारतो, असा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता. सल्ला चुकीचा नव्हता. फक्त त्यानंतर बॅकअपची पद्धत बदलायला हवी होती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या सकाळी काय झालं

१० तारखेच्या संध्याकाळचं संकलन संपलं. रात्री दीड वाजता बिलांचा हिशेब सुरू झाला आणि दोन वाजता नेहमीची स्क्रिप्ट स्नॅपशॉट घ्यायला लागली. ११ ला सकाळचं संकलन उरकल्यावर, साडेअकराच्या सुमारास, त्या मुलाने सर्व्हर बंद करून मोठ्या प्रकारच्या मशिनवर नेला आणि जोडीला एक नवा रिकामा व्हॉल्यूम लावला. मशिन पुन्हा सुरू झालं तेव्हा डिस्कची नावं बदलली होती. नव्या पिढीच्या ईसीटू मशिनवर ईबीएस व्हॉल्यूम एनव्हीएमई प्रकारच्या डिस्क म्हणून दिसतात, आणि कोणत्या व्हॉल्यूमला कोणता क्रमांक मिळेल याची हमी नसते. काल जो एक होता तो आज दोन असू शकतो. त्यांच्या माउंटच्या यादीत, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, यूयूआयडी (डिस्कच्या नावावर अवलंबून नसलेले ओळख-क्रमांक) नव्हते, नुसती डिस्कची नावं होती. त्यामुळे डेटाचा व्हॉल्यूम माउंटच झाला नाही आणि पोस्टग्रेसही उठलं नाही. त्याला वाटलं, समोर दिसणारी, माउंट न झालेली डिस्क म्हणजे नवीच. फॉरमॅट करणारा प्रोग्राम अशा वेळी अडतो, 'इथे आधीच फाइल सिस्टिम आहे' म्हणून सांगतो. पण त्याच्या टिपणवहीतल्या कमांडमध्ये जबरदस्तीचा पर्याय आधीच जोडलेला होता.

मी त्याला दोष देत नाही. जेमतेम दोन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलाला एकट्याला इतकी जबाबदारी दिली होती. एक गोष्ट मात्र त्याला तेव्हाही सांगितली आणि इथेही लिहितो: सर्व्हर बंद असतानाच, मशिन बदलण्याच्या आधी, तीनही व्हॉल्यूमचे ताजे स्नॅपशॉट घ्यायला हवे होते. डेटाबेस नीट बंद केलेला आहे, डिस्कवर कुणी काही लिहीत नाही, त्या वेळी घेतलेला स्नॅपशॉट सगळ्यात स्वच्छ असतो. तो घ्यायला दोन मिनिटं लागली असती. रात्रीचा आहेच, म्हणून ती दोन मिनिटं वाचवली गेली.

रात्रीचा स्नॅपशॉट का उठला नाही

डेटा आणि लॉग अशा दोन्ही व्हॉल्यूमच्या रात्रीच्या स्नॅपशॉटपासून नवे व्हॉल्यूम बनवले, सर्व्हर ज्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (विभागातल्या डेटा सेंटरच्या स्वतंत्र गटात) आहे त्याच झोनमध्ये. दुसऱ्या झोनमधला व्हॉल्यूम जोडताच येत नाही, आणि घाईत तेही एकदा चुकलं. माउंट केले, पोस्टग्रेस सुरू केलं. लॉगमध्ये पॅनिक म्हणून ओळ आली: वैध चेकपॉइंटची नोंद सापडत नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच ओळ.

पोस्टग्रेस कसं लिहितं हे दुकानाच्या हिशेबावरून चटकन कळतं. जुन्या पेढीत रोजकीर्द असायची आणि खातेवही असायची. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग सवडीने खातेवहीत खतावणी. डब्ल्यूएएल ही रोजकीर्द आणि डेटाच्या फाइली ही खातेवही. चेकपॉइंट म्हणजे 'इथपर्यंतचं सगळं खतावून झालं' अशी खूण, आणि ती खूण रोजकीर्दीत नेमकी कुठे आहे ते डेटाच्या व्हॉल्यूमवरच्या एका छोट्या नियंत्रण-फाइलीत लिहिलेलं असतं. वीज गेली, मशिन कोसळलं, तरी काही बिघडत नाही. पोस्टग्रेस उठतं, खूण पाहतं, रोजकीर्द तिथपासून उघडतं आणि पुढचं खतावून घेतं. मात्र खुणेच्या आधीची रोजकीर्दीची पानं आता नको आहेत असं धरून ते १६ एमबीच्या त्या जुन्या फाइली नवं नाव देऊन पुन्हा वापरायला घेतं.

आता स्क्रिप्ट पाहा. ती एक-एक व्हॉल्यूम घ्यायची. डेटाच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट सुरू करायची, तो 'कंप्लीटेड' होईपर्यंत थांबायची, आणि मग लॉगच्या व्हॉल्यूमकडे वळायची. लिहिणाऱ्याला हे काळजीचं लक्षण वाटलं असणार, की एक काम पुरं झाल्याशिवाय दुसरं हातात घ्यायचं नाही. पण ईबीएसच्या स्नॅपशॉटमध्ये कोणता क्षण पकडला जाणार हे हुकूम दिल्या क्षणीच ठरतं. त्यानंतर जो वेळ जातो तो बदललेले ब्लॉक, म्हणजे डिस्कचे छोटे तुकडे, एसथ्री या ॲमेझॉनच्या साठवणीकडे उचलून नेण्याचा. व्हॉल्यूमवर पुढे काहीही लिहिलं गेलं तरी त्या स्नॅपशॉटमध्ये ते येत नाही. म्हणजे थांबण्याची गरजच नव्हती, आणि त्या थांबण्यानेच घात केला.

नोंदी तपासल्या. १० च्या रात्री डेटाचा स्नॅपशॉट आणि लॉगचा स्नॅपशॉट यांच्यात अकरा मिनिटांचं अंतर होतं. बिलांचा हिशेब जोरात चालू होता, दर मिनिटाला शेकडो एमबी लॉग लिहिला जात होता. पोस्टग्रेस मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांनी चेकपॉइंट घेतंच, आणि लॉग फार वाढला तर त्याआधीही घेतं. त्या अकरा मिनिटांत खूण पुढे सरकली होती आणि जुनी पानं पुन्हा वापरली गेली होती. आमच्या हाती आली ती दोन वाजताची खातेवही आणि दोन वाजून अकरा मिनिटांची रोजकीर्द. खातेवही ज्या पानाकडे बोट दाखवत होती ते पान रोजकीर्दीत उरलंच नव्हतं.

मग सहा महिन्यांपूर्वी स्नॅपशॉटमधून डेटाबेस उठवून पाहिला होता, ती चाचणी यशस्वी कशी झाली? तशी चाचणी त्यांनी खरोखर केली होती, आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. ती एका शांत रात्रीच्या स्नॅपशॉटवर केली होती. शांत रात्री थोडेच ब्लॉक बदललेले असतात, म्हणून पहिला स्नॅपशॉट दोन मिनिटांत पुरा होतो आणि दुसरा लगेच निघतो. शिवाय लॉग इतका कमी लिहिला जातो की जुनी खूण आणि नवी खूण बहुधा एकाच फाइलमध्ये सापडते. खातेवही थोडी जुनी, रोजकीर्द थोडी नवी, आणि मधलं एकही पान गहाळ नाही. अशा जोडीतून पोस्टग्रेस अगदी नीट उठतं. कामाच्या रात्री मात्र दोन्ही गोष्टी एकदम उलटतात. बदललेले ब्लॉक जास्त म्हणून अंतर वाढतं, आणि लॉगचा ओघ जास्त म्हणून जुनी पानं लवकर जातात. ज्या रात्रीचा बॅकअप सगळ्यात मोलाचा, नेमका त्याच रात्री तो मोडणार होता.

क्रम उलटा असता, आधी लॉग आणि मग डेटा, तर गोष्ट अधिक वाईट झाली असती असं मला वाटतं. मध्ये चेकपॉइंट पडला नसता तर पोस्टग्रेस कदाचित उठलंही असतं. खातेवहीत अशा नोंदी राहिल्या असत्या ज्यांचा रोजकीर्दीत पत्ताच नाही, आणि ते आठवड्याभराने कुठल्यातरी उत्पादकाच्या बिलात बाहेर आलं असतं. न उठणारा डेटाबेस निदान खरं सांगतो.

जबरदस्तीने उठवण्याचा मोह

पोस्टग्रेससोबत पीजी_रीसेटवॉल नावाचं साधन येतं. ते लॉग फेकून देतं आणि डेटाबेसला सांगतं की सगळं ठीक आहे, ऊठ. इंटरनेटवर हा उपाय पहिल्याच उत्तरात सापडतो. दुपारी तीन वाजता, मालक मागे उभे असताना, तो मोह आवरणं सोपं नसतं. "साहेब, हे मूळ व्हॉल्यूमवर करायचं नाही, आधी एक प्रत बनवू," एवढं मी धरून बसलो. स्नॅपशॉटची ही मोठी सोय आहे: त्यातून हवे तितके व्हॉल्यूम बनवा, स्नॅपशॉटला धक्का लागत नाही. फक्त फाइल सिस्टिम एक्सएफएस प्रकारची असेल तर मूळ आणि प्रत यांचा यूयूआयडी सारखाच निघतो, आणि एकाच मशिनवर प्रत माउंट करताना नोयूयूआयडी पर्याय द्यावा लागतो.

प्रतीवर ते चालवलं. डेटाबेस उठला. सभासदांची संख्या विचारली, बरोबर आली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग पूर्ण डंप, म्हणजे सगळा डेटा वाचून फाइलीत उतरवलेली प्रत, काढायला लावला, तो मध्येच मोडला. एका टेबलात प्राथमिक कळ (प्रत्येक ओळीची वेगळी असायला हवी अशी ओळख) एकच असलेल्या दोन ओळी होत्या. पीजी_ॲमचेक हे डेटाबेस तपासणारं साधन चालवलं तर इंडेक्सच्या तक्रारींची रांग लागली. हा डेटा वापरायचा नाही, असं तिथेच ठरवलं. ज्याच्या आधारावर लोकांचे पैसे वाटायचे तो हिशेब 'बहुतेक बरोबर' असून चालत नाही.

मागे गेलो १० तारखेच्या पहाटेच्या स्नॅपशॉटकडे. ती शांत रात्र होती, अंतर दोन मिनिटांचं. पोस्टग्रेस उठलं, ॲमचेक स्वच्छ, डंप पूर्ण. यात वेळ फार गेला, कारण स्नॅपशॉटपासून बनवलेला व्हॉल्यूम लगेच वापरता येतो पण आतून रिकामाच असतो. ज्या ब्लॉकला पहिल्यांदा हात लागेल तो त्या वेळी एसथ्रीहून आणला जातो. पहिल्या मोठ्या क्वेरीला इतका वेळ लागला की त्या मुलाला वाटलं हाही मोडका निघाला. घाई असेल तर आधी सगळा व्हॉल्यूम एकदा वाचून काढावा, किंवा जास्त पैसे मोजून फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअर आधीच चालू ठेवावं.

तरीही १० चं सकाळ-संध्याकाळचं आणि ११ चं सकाळचं असं तीन वेळचं संकलन गेलं होतं. ते परत आलं ते संस्थांच्या सचिवांमुळे. बहुतेक केंद्रांवरच्या संगणकात नोंदी शिल्लक होत्या, त्या पुन्हा पाठवल्या गेल्या. जिथे नव्हत्या तिथे सचिवांनी छापील पावत्यांचे गठ्ठे काढून रात्री उशिरापर्यंत आकडे टाइप केले. बिलं दोन दिवस उशिरा निघाली. एक रुपयाचाही फरक पडला नाही, आणि त्याचं श्रेय कुठल्याही स्नॅपशॉटला जात नाही.

नंतर काय बदललं

पहिला बदल एका ओळीचा होता. एडब्ल्यूएसने मे २०१९ मध्ये एक सोय आणली: एका सर्व्हरला जोडलेल्या सगळ्या व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट एकाच हुकमात, एकाच क्षणाचे घेता येतात. एक-एक व्हॉल्यूम घेणारी जुनी फेरी काढून ती एक कमांड बसवली. आता खातेवही आणि रोजकीर्द एकाच क्षणाची, म्हणजे त्या क्षणी वीज गेल्यासारखी. वीज गेल्यावर कसं उठायचं ते पोस्टग्रेसला चांगलं येतं, फक्त एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर नक्की पोहोचवणारं) आणि फुल पेज राइट्स (बदललेलं पान लॉगमध्ये पूर्ण लिहिणारं) ही दोन सेटिंग चालू असायला हवीत. वेगासाठी ती बंद केलेले सर्व्हर मी पाहिलेत. तिथे स्नॅपशॉटवर भरवसा ठेवू नये. अनेक व्हॉल्यूम जोडून रेड किंवा एलव्हीएमने त्यांची एकच मोठी डिस्क केली असेल तर हा एकत्रित स्नॅपशॉट अनिवार्यच आहे. तिथे वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे जोडून फाइल सिस्टिमच उभी राहत नाही.

फाइल सिस्टिम गोठवण्याबद्दल, म्हणजे तिच्यावर लिहिणं क्षणभर थांबवणाऱ्या एफएसफ्रीझबद्दल, लोक नेहमी विचारतात. क्लाउडचा स्नॅपशॉट डिस्कवर पोहोचलेलं तेवढंच पाहतो, सर्व्हरच्या मेमरीत लिहिण्यासाठी थांबलेलं त्याला दिसत नाही. पोस्टग्रेस प्रत्येक पक्का झालेला व्यवहार लॉगमधून डिस्कवर पोहोचवूनच 'झालं' म्हणतं, म्हणून त्याच्यासाठी गोठवणं गरजेचं नाही. पण ज्या व्हॉल्यूमवर नुसत्या फाइली येऊन पडतात, जसे की स्कॅन केलेले कागद, तिथे गोठवावं. आम्ही चाचणी सर्व्हरवर करून पाहिलं तर पहिल्याच खेपेला स्क्रिप्ट मध्येच मेली. स्नॅपशॉटला टॅग लावण्याची परवानगी त्या खात्याला नव्हती. फाइल सिस्टिम गोठलेली आणि ती सोडवणारी ओळ कधी चाललीच नाही, त्यामुळे त्या व्हॉल्यूमवर लिहिणारी प्रत्येक गोष्ट लटकून राहिली. तेव्हापासून नियम केला की गोठवण्याआधीच सोडवण्याची तजवीज लावायची. स्क्रिप्ट कशीही संपली तरी सोडवणारी ओळ चालली पाहिजे, आणि दहा सेकंदांच्या वर गोठवून ठेवायचं नाही. स्नॅपशॉट 'पेंडिंग' झाला की क्षण पकडला गेलेला असतो, तेव्हाच सोडायचं. आणि ज्या व्हॉल्यूमवर ऑपरेटिंग सिस्टिम आहे तो गोठवायचाच नाही, कारण मग सोडवणारी कमांड चालायलाही जागा उरत नाही.

दुसरा बदल माझ्या दृष्टीने पहिल्याहून मोठा आहे: लॉगच्या फाइली भरल्या की त्या वेगळ्या एसथ्री बकेटमध्ये जमा होत राहतात. ही सोय आधी असती तर १० च्या पहाटेचा स्नॅपशॉट आणि त्यानंतरचा सगळा लॉग मिळून आम्ही ११ च्या सकाळपर्यंत पोहोचलो असतो. सचिवांना पावत्यांचे गठ्ठे काढावे लागले नसते.

स्नॅपशॉटची एक प्रत आता हैदराबाद विभागात जाते, तीही वेगळ्या खात्यात. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या एडब्ल्यूएस खात्यात कुणीतरी शिरलं, आणि सर्व्हरसोबत त्यांचे स्नॅपशॉट आणि बॅकअपही पुसले गेले, कारण सगळं एकाच खात्यात होतं. ती कंपनी बंद पडली. मालकांना हे सांगितल्यावर दुसऱ्या खात्याचा खर्च त्यांनी लगेच मान्य केला. जुने स्नॅपशॉट काढून टाकायला मात्र ते घाबरत होते, पहिला काढला तर पुढचे सगळे निकामी होतील म्हणून. तसं होत नाही. पहिल्यानंतरचे स्नॅपशॉट बदललेल्या ब्लॉकपुरतेच असले तरी पुढच्या एखाद्याला लागणारा ब्लॉक जुना काढल्याने जात नाही.

डिस्कच्या नावांऐवजी यूयूआयडी लागले, प्रत्येक व्हॉल्यूमला आणि स्नॅपशॉटला 'डेटा', 'लॉग' असे टॅग लागले. टिपणवहीतला तो जबरदस्तीचा पर्याय त्या मुलाने स्वतःच खोडला.

आणि चाचणी. ती आता दर आठवड्याला आपोआप होते: एक छोटा सर्व्हर उभा राहतो, ताज्या स्नॅपशॉटपासून व्हॉल्यूम बनतात, पोस्टग्रेस उठतं, ॲमचेक चालतं, शेवटी सगळ्यात ताज्या दूध-पावतीची वेळ छापली जाते आणि सर्व्हर पुसला जातो. त्याखेरीज मी एक हट्ट धरला, की बिलाच्या रात्री, हिशेब ऐन भरात असताना घेतलेल्या स्नॅपशॉटवरही ही चाचणी झाली पाहिजे. २० तारखेच्या रात्री आम्ही दोघं फोनवर जागे होतो. दोन वाजता एकत्रित स्नॅपशॉट निघाला. चाचणीच्या सर्व्हरवर पोस्टग्रेसने लॉग खतावायला घेतला आणि पडद्यावर बराच वेळ काही हललं नाही. "दादा, अडकलं का?" "थांब. रोजकीर्द वाचतंय." दोन वाजून अडतीस मिनिटांनी ते उठलं. ॲमचेकने एकही तक्रार केली नाही. शेवटची पावती २० च्या संध्याकाळची, आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांची, सहा लिटर चारशे मिली म्हशीचं दूध, आणि चालू सर्व्हरवरही तीच शेवटची होती.